रासायनिक बंध: अकरावीत आल्यावर हमखास पडणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या माडीवर मी अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेली मुलं येतात, ‘केमिकल बाँडिंग’ सुरू होतं आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. विचारणारे तेवढे बदलतात. ते प्रश्न इथे लिहून काढले आहेत. क्रम पुस्तकातला नाही, मुलं जशी अडखळतात तसा आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच जास्त घोळ होतो.

अणू म्हणजे ॲटम की मॉलिक्यूल?

पुण्याच्या मुलांना हा प्रश्न फारसा पडत नसावा. नागपुरात दरवर्षी पडतो. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात, आणि ‘अणु’ म्हणजे चक्क मॉलिक्यूल. आपल्याकडे घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि मोबाइलवर कोट्याच्या सरांचे हिंदी व्हिडिओ. त्यात ‘जल का अणु’ ऐकलं की मराठी शाळेतलं पोर विचारात पडतं, की एकाच अणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघं शिरले कसे? व्हिडिओ हिंदी असेल तर ‘अणु’ कानावर पडताच मनात ‘रेणू’ म्हणा, एवढाच उपाय.

बाकीच्या जोड्या सोप्या आहेत. संयुजा म्हणजे व्हॅलन्सी (अणू किती बंध करतो), सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट (इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत मिळून), धनायन म्हणजे धन प्रभाराचा कॅटायन, ऋणायन म्हणजे ऋण प्रभाराचा ॲनायन. राजवायू म्हणजे नोबल गॅस. जुन्या पुस्तकांत त्यांनाच निष्क्रिय वायू म्हटलेलं सापडेल. पुढे जिथे मुलं वर्गात इंग्रजी शब्दच बोलतात तिथे मीही तोच वापरला आहे.

बंध म्हणजे नेमकं काय? दोन अणूंच्या मध्ये खरंच काही असतं का?

वहीत आपण दोन अक्षरांमध्ये रेघ मारतो. प्रयोगशाळेतल्या मॉडेलमध्ये दोन गोळ्यांत काडी खोचतो. त्यामुळे बंध ही एखादी वस्तू आहे, दोरी किंवा आकडा, असं डोक्यात घट्ट बसतं. तशी वस्तू नसते.

दोन हायड्रोजन अणू एकमेकांपासून लांब आहेत असं समजा. जवळ येऊ लागले की पहिल्याचं केंद्रक दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनलाही ओढू लागतं, दुसऱ्याचं पहिल्याच्या. त्याच वेळी दोन्ही केंद्रकं एकमेकांना ढकलत असतात आणि दोन्ही इलेक्ट्रॉनही. केंद्रकांमधलं अंतर ७४ पिकोमीटर झालं की या ओढाताणीत ऊर्जा सगळ्यात कमी होते. आणखी जवळ दाबलं तर ढकलणं वरचढ होतं, लांब न्यायला गेलं तर ओढ आडवी येते. म्हणून अणू तिथेच रमतात, म्हणजे त्या अंतराच्या आगेमागे थरथरत राहतात. या अंतराला बंधलांबी म्हणतात. आणि एक मोल (म्हणजे रेणूंचा एक ठरलेला गठ्ठा) हायड्रोजन रेणूंमधले अणू पुन्हा वेगळे करायला ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात, ती बंधऊर्जा.

मी मुलांना सांगते, गोटी रस्त्याने घरंगळत आली आणि खड्ड्यात बसली. तिला कुणी बांधलेलं नाही, पण बाहेर काढायला जोर लागतो. पावसाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर हे उदाहरण शोधत फिरावं लागत नाही. खड्डा किती खोल ती बंधऊर्जा, खड्डा कुठे ती बंधलांबी. धड्यातले पुढचे बहुतेक शब्द याच खड्ड्याविषयी आहेत: तो कशामुळे पडला, किती खोल, कोणाच्या बाजूला कललेला.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हो ना?

नाही. हा धड्यातला सगळ्यात चिवट गैरसमज आहे आणि बारावी पास झालेलेही तो सोबत घेऊन जातात. बंध तोडायला ऊर्जा लागते, नेहमीच. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते.

मग कोराडीला कोळसा जाळून वीज कशी होते? कोळशातले कार्बनचे बंध आणि हवेतल्या ऑक्सिजन रेणूतला दुहेरी बंध तोडायला आधी खर्च येतो. ऑक्सिजनचा तो बंध एका मोलला ४९८ किलोज्यूल मागतो. कोळसा नुसता हवेत ठेवून पेटत नाही, आधी तापवावा लागतो, तो याचमुळे. पण कार्बन डायऑक्साइडमधले कार्बन-ऑक्सिजन बंध तयार होतात तेव्हा या खर्चापेक्षा बरीच जास्त मिळकत होते. शुद्ध कार्बन धरला तर १२ ग्रॅम जळून शिल्लक उरते ३९३.५ किलोज्यूल. ही शिल्लक म्हणजे आपल्याला मिळणारी उष्णता.

बायोलॉजीच्या वहीत ‘एटीपीचा बंध तुटतो आणि ऊर्जा मिळते’ असं वाक्य असतं (एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं संयुग). ते सोयीसाठी आखूड केलेलं आहे. तिथेही बंध तुटतो, पाण्याशी नवे बंध जुळतात आणि सगळ्यांची मिळून गोळाबेरीज नफ्यात जाते. बायोलॉजीच्या मॅडमशी भांडायला जाऊ नका, फक्त मनात दुरुस्त करून घ्या.

संयुजा, संयुजा इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिडेशन नंबर: एकच ना?

तिन्ही वेगळे आहेत, पण सोप्या उदाहरणांत त्यांचे आकडे जुळतात म्हणून फसगत होते. सोडिअममध्ये सगळीकडे १ येतो आणि मूल खूश होतं.

अमोनियम आयन घ्या, म्हणजे एक नायट्रोजन, चार हायड्रोजन आणि वर एक धन प्रभार. त्यातल्या नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात मुळात ५ इलेक्ट्रॉन, म्हणून संयुजा इलेक्ट्रॉन ५. त्याने हायड्रोजनशी बंध केले ४. आणि ऑक्सिडेशन नंबर उणे ३. एकाच अणूचे तीन आकडे, तिन्ही बरोबर, कारण प्रश्न तीन आहेत. बाहेर किती इलेक्ट्रॉन होते? किती बंध झाले? आणि प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्याच्या नावावर लिहून टाकले तर हिशोब काय येतो? तिसरा आकडा निव्वळ हिशोबाचा आहे; नायट्रोजनवर प्रत्यक्षात उणे ३ प्रभार बसलेला नसतो.

अष्टक पूर्ण करायची अणूला इच्छा का असते?

अणूला इच्छा नसते. ‘सोडिअमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो, दोघांची दोस्ती होते’ ही गोष्ट आठवीत ठीक आहे. लग्न जुळवल्यासारखी वाटते आणि लक्षातही राहते. अकरावीत ती सोडून द्यावी, कारण तिच्यामुळे पुढचं कळत नाही.

अष्टकाचा, म्हणजे अणूच्या बाहेरच्या कवचातल्या ८ इलेक्ट्रॉनांचा विचार १९१६ मध्ये दोघांनी वेगवेगळा मांडला. जर्मनीत कोसेल यांनी इलेक्ट्रॉन देण्याघेण्याच्या अंगाने, अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी जोडीने वापरण्याच्या अंगाने. आपण ठिपके काढतो ते लुईस यांचे. निरीक्षण असं होतं की पुष्कळ संयुगांत अणूंभोवती ८ इलेक्ट्रॉन मोजता येतात. म्हणजे हा अंगठ्याने मोजायचा ठोकताळा आहे आणि त्याला अपवाद भरपूर. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६ च असतात. फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये फॉस्फरसभोवती १०, सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती १२ मोजले जातात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉनच विषम, त्यामुळे कितीही जोड्या लावल्या तरी एक उरतोच. हायड्रोजनला तर २ पुरतात. त्याला द्विक म्हणतात.

राजवायूंचं अष्टक आधीच भरलेलं, म्हणून ते कशाशीच संयोग पावणार नाहीत, असं अनेक दशकं मानलं जात होतं. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचं संयुग बनवून दाखवलं. तेव्हापासून ‘निष्क्रिय’ हे विशेषण अडचणीत आलं.

सोडिअम क्लोरीनला इलेक्ट्रॉन ‘देतो’, मग त्याचा फायदा काय?

इथे आकडे बघायला मजा आहे. सोडिअम अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला एका मोलला ४९६ किलोज्यूल खर्च येतो. तो क्लोरीन अणूला दिला की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यात! ‘दोघंही खूश होतात’ ही गोष्ट इथेच कोसळते.

तोटा भरून निघतो तो नंतर. सुटे आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचून बसतात, तेव्हा एका मोलला सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. हिला लॅटिस एनर्जी म्हणतात; मराठीत जालक ऊर्जा. मीठ बनतं ते या आकड्याच्या जोरावर. आणि ही ओढ काही एका सोडिअमची एका क्लोरीनशी नसते. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती ६ क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडिअम. कोणता कोणाचा, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून ‘मिठाचा रेणू’ म्हणू नका. पेपरात सूत्र-एकक लिहा.

याच रचनेतून मिठाचे बाकीचे गुण निघतात. ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, कारण एवढी सगळी ओढ सैल करायची असते. कोरडं असताना वीज नेत नाही, कारण आयन जागच्या जागी अडकलेले असतात. वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की नेतं. खडेमिठाचा खडा वरवंट्याने ठेचला तर चपटा होत नाही, फुटतो. ठोसा बसला की एक थर सरकतो, धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि थरच एकमेकांना ढकलून देतात.

मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये आयनांवर प्रभार २ आणि २. गुणाकार चौपट, अंतरही कमी. ते वितळायला २८०० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून भट्टीच्या आतल्या विटांमध्ये वापरतात.

दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट मजबूत असतो का?

मजबूत असतो, दुप्पट नसतो. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची ऊर्जा सुमारे ३४८ किलोज्यूल, दुहेरीची सुमारे ६१४, तिहेरीची सुमारे ८३९. दुप्पट म्हटलं तर ६९६ यायला हवे होते. कारण पहिला बंध सिग्मा असतो. त्यात इलेक्ट्रॉनची दाटी थेट दोन केंद्रकांच्या मधोमध असते. दुसरा पाय बंध. त्यात ऑर्बिटल (अणूतला इलेक्ट्रॉन बहुतेक जिथे सापडतो ती जागा) बाजूबाजूने एकमेकांत शिरतात आणि दाटी त्या मधल्या रेषेच्या वर आणि खाली राहते. तिथून केंद्रकांची पकड कमी. म्हणून दुहेरी बंधाची संयुगं रासायनिक क्रियेत पुढे असतात. ब्रोमीनचा रंग उडवतात ते या सैल जोडीच्या जिवावर.

लांबी मात्र कमी कमी होत जाते: १५४, १३४, १२० पिकोमीटर. बंध जास्त तर लांबी कमी आणि ऊर्जा जास्त, एवढं ध्यानात ठेवलं तर एका गुणाचे बरेच प्रश्न सुटतात.

‘कोव्हॅलन्स’ हा शब्द १९१९ मध्ये अर्विंग लँगम्यूर यांनी रुजवला. ‘को’ म्हणजे सोबत, आपलं ‘सह’. मराठी शब्दातही तोच अर्थ आला आहे, आणि मला तो इंग्रजीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

विद्युतऋणतेतला फरक १.७ पेक्षा जास्त म्हणजे आयनिक, हे पक्कं का?

एका मुलाने एकदा मला विचारलं, “मॅडम, १.६९ असंल तं?” वर्ग हसला, पण प्रश्न अगदी योग्य होता.

विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची ताकद. तिची मोजपट्टी लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये बनवली. फ्लोरीन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, सोडिअम ०.९३. दोन अणूंच्या आकड्यांत फरक शून्य असेल तर इलेक्ट्रॉन बरोबर मध्ये. फरक वाढत गेला तसे ते एका बाजूला सरकत जातात. हा उतार आहे, पायरी नाही. १.७ ही त्या उतारावर सोयीसाठी मारलेली खूण आहे.

खूण चुकते कुठे, तेही पाहा. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८, म्हणजे नियमाप्रमाणे आयनिक. प्रत्यक्षात ते रेणूंचं बनलेलं आहे आणि १९.५ अंशांनाच उकळतं. उलट सोडिअम हायड्राइडमध्ये फरक १.२७, आणि तो मात्र आयनिक घन पदार्थ. पेपरात १.७ लिहा, गुण मिळतील. पण एखादा पदार्थ कसा वागतो ते ठरवताना तो कशाचा बनलाय, धातू आहे का, वितळायला किती तापवावा लागतो, हे आधी बघा.

विद्युतऋणता आणि इलेक्ट्रॉन आसक्ती वेगळ्या कशा?

आसक्ती एकट्या अणूची असते: वायुरूपातल्या सुट्या अणूला इलेक्ट्रॉन दिला तर किती ऊर्जा सुटते. ती मोजता येते, एककासह. विद्युतऋणता बंधात असलेल्या अणूची, आणि तिला एकक नाही. फ्लोरीनची विद्युतऋणता सगळ्यांत जास्त, पण आसक्ती क्लोरीनची जास्त: ३४९ विरुद्ध ३२८. फ्लोरीन एवढा लहान आहे की नव्या इलेक्ट्रॉनला आत आधीच गर्दी असते. परीक्षेत हा प्रश्न येतो.

कोऑर्डिनेट बंध तयार झाल्यावर वेगळा ओळखता येतो का?

अमोनियम आयनात तरी येत नाही. कोऑर्डिनेट बंधात दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूकडून येतात. अमोनियाच्या नायट्रोजनवर एक लोन पेअर असते, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी. हायड्रोजन आयनाकडे एकही इलेक्ट्रॉन नसतो. नायट्रोजन आपली जोडी पुढे करतो आणि अमोनियम आयन तयार होतो. एकदा झाल्यावर त्यातले चारही नायट्रोजन-हायड्रोजन बंध लांबीने आणि ताकदीने सारखे. आपण काढतो तो बाण फक्त इलेक्ट्रॉन कुठून आले याची आठवण आहे. वर्गणी कोणी भरली ते पावतीवर असतं, गणपतीच्या प्रसादात दिसत नाही.

या आयनाचं घरगुती रूप म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे आता क्वचितच दिसतात, पण आजीला विचारा. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघायचा आणि मग कथील फिरवायचं. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात आणि भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो, म्हणून कथील चिकटतं. एकाच पुडीत तीन बंध: अमोनियम आणि क्लोराइड यांच्यात आयनिक, नायट्रोजन-हायड्रोजनमध्ये सहसंयुज, आणि त्यातला एक जन्माने कोऑर्डिनेट. ‘तिन्ही बंध असलेलं संयुग सांगा’ याचं उत्तर हेच लिहा.

पाण्याचा रेणू वाकडा का असतो?

मिथेन, अमोनिया आणि पाणी, तिघांच्याही मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या. जोड्या एकमेकींपासून जमेल तेवढ्या लांब राहतात, म्हणून चौफलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या) कोपऱ्यांकडे तोंड करतात. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधाच्या, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक लोन पेअर. ती एकाच केंद्रकाच्या ताब्यात असल्याने फुगून बसते आणि शेजाऱ्यांना दाबते, कोन १०७. पाण्यात अशा दोन, कोन १०४.५. जोड्यांच्या ढकलण्यावरून रेणूचा आकार ठरवण्याची व्हीएसईपीआर नावाची रीत म्हणतात ती एवढीच, आणि आज शिकवतात त्या रूपात ती गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये मांडली.

चार फुगे गाठीला गाठ बांधून बघा. ते आपोआप चौफलकासारखे पसरतात, तुम्ही कितीही सपाट करायला जा. मी हा प्रयोग दरवर्षी करते आणि एक फुगा दरवर्षी फुटतो.

पाणी सरळ असतं तर? कार्बन डायऑक्साइड सरळ आहे. त्याचे दोन्ही बंध ध्रुवीय (एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण), पण ओढ विरुद्ध दिशांना, म्हणून अख्खा रेणू अध्रुवीय. पाणी वाकडं असल्याने दोन्ही ओढी एकत्र येतात आणि ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन राहते. ‘बंध ध्रुवीय’ आणि ‘रेणू ध्रुवीय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते इथे कळतं.

तर्रीवर तेल का तरंगतं, आणि तिखट लागल्यावर पाणी का चालत नाही?

हा प्रश्न खरं तर मीच विचारते. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पातेल्यात बघा: वर लाल तवंग, खाली चण्याचा रस्सा. तेलाचे रेणू म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. २.५५ आणि २.२० मध्ये फरक तो किती! त्यामुळे ते जवळजवळ अध्रुवीय. तेल पाण्याचा द्वेष करतं असं म्हणतात, पण कारण पाण्याच्या बाजूला आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके धरून असतात की मध्ये तेलाला शिरू देण्यात त्यांचा काही फायदा नसतो. वर का, तर तेलाची घनता कमी.

मिरचीचा लाल रंग, आणि तिला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन हे द्रव्य, दोन्ही पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. म्हणून सगळा जाळ तवंगात. सावजीचं जेवून जीभ पेटल्यावर पाणी प्यायलं तर कॅप्सेसिन जिभेवरून निघत नाही, इकडेतिकडे पसरतं तेवढं. दूध किंवा दही घ्या. त्यातली स्निग्धता आणि केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला ओढून नेतात.

हायड्रोजन बंध हा ‘खरा’ बंध आहे का?

नावात बंध आहे, पण तो सहसा रेणूच्या आतला नसतो. एका रेणूच्या थोड्या धन हायड्रोजनची शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरीनकडे असलेली ओढ आहे. पाण्यात तिची ताकद एका मोलला सुमारे २० किलोज्यूल. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आतल्या बंधाची ४६३. म्हणजे सुमारे तेवीस पट फरक.

पण किरकोळ समजू नका. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी १०० अंशांपर्यंत टिकतं ते या ओढीमुळे.

आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपण जिवंत राहतो तेही. कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, कोरडी हवा त्यातून जाते आणि पाणी उडतं. उडताना रेणूंना शेजाऱ्यांची पकड सोडवावी लागते. एक लिटर पाणी उडायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात आणि ते हवेतून घेतले जातात, म्हणून हवा थंड होते. मुंबईच्या दमट हवेत आधीच बाष्प भरपूर, पाणी उडतच नाही, म्हणून तिथल्या पाहुण्यांना आपल्या कूलरचं कौतुक वाटतं.

इथे एक चूक हमखास होते: ‘पाणी उकळलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात.’ नाही होत. वाफ म्हणजे पाण्याचेच रेणू. तुटते ती शेजाऱ्यांमधली ओढ, आतला बंध जसाच्या तसा राहतो.

रेझोनन्समध्ये बंध इकडून तिकडे उड्या मारतो का?

मारत नाही. रेझोनन्स म्हणजे एकाच रेणूसाठी किंवा आयनासाठी एकापेक्षा जास्त चित्रं काढावी लागणं. बोअरवेलचं पाणी कूलरला वापरलं की ताट्यांवर पांढरा खरपुडा धरतो. तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. कॅल्शिअम आणि कार्बोनेट यांच्यात बंध आयनिक, कार्बोनेटच्या आत सहसंयुज. कागदावर कार्बोनेट काढायला गेलं तर एक कार्बन-ऑक्सिजन बंध दुहेरी आणि दोन एकेरी काढावे लागतात; दुहेरी कोणता, यावरून चित्रं तीन होतात. पण मोजल्यावर तिन्ही अगदी सारखे निघतात. बेंझीनचंही तेच: सहाही कार्बन-कार्बन बंध १३९ पिकोमीटर, एकेरीच्या १५४ आणि दुहेरीच्या १३४ च्या मध्ये.

आपण नागपूरकर बोलतो ते काही एक मिनिट मराठी आणि पुढचं मिनिट हिंदी असं नसतं. ती एक सलग बोली आहे. व्याकरणाच्या पुस्तकात तिच्यासाठी खण नाही, म्हणून बाहेरचा माणूस तिचं वर्णन दोन भाषांची नावं घेऊन करतो. कार्बोनेटची तीन चित्रं तशीच. आयन एकच, चित्रं आपल्या सोयीची.

हायब्रिडायझेशन खरंच घडतं का?

कार्बन थांबून आधी ऑर्बिटल मिसळतो आणि मग बंध करतो, असं काही नाही. पॉलिंग यांनी १९३१ मध्ये दिलेली ही गणिताची रीत आहे. मिथेनचे चार बंध सारखे का, ते तिच्याने नीट सांगता येतं. आधी आकार शोधा, मग हायब्रिडायझेशन लिहा. उलट जाऊ नका.

धातूतला बंध यांतल्या कोणत्या प्रकारात बसतो?

कोणत्याच नाही. धातूत बाहेरचे इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंचे सामाईक होतात आणि धन आयन त्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत बसलेले असतात. म्हणून तांब्याची तार वीज नेते. ठोकलं की पत्रा होतो, कारण थर सरकला तरी इलेक्ट्रॉन सोबतच असतात. मिठासारखं समोरासमोर भांडण होत नाही. मनसरच्या खाणीतलं मँगनीजचं खनिज मात्र ऑक्साइड असतं आणि ठिसूळ. तोच मँगनीज धातुरूपात थोडासा पोलादात घातला की पोलाद चिवट होतं.

पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

शुद्ध सोडिअम क्लोराइडला सहसा सुटत नाही. साध्या मिठात थोडं मॅग्नेशिअम क्लोराइड मिसळलेलं असतं. मॅग्नेशिअम आयन लहान आणि त्यावर प्रभार २, त्यामुळे तो पाण्याच्या ऋण टोकाला जोरात ओढतो. जुलैच्या दमट हवेतून तो बाष्प खेचून घेतो आणि बरणीच्या तळाशी मीठ चिकट होतं. आई त्यात तांदळाचे चार दाणे टाकते. ते थोडी ओल शोषून घेतात.